ठिगळातला ळ

१२ जून. शाळा उघडायला चार दिवस होते आणि माझ्या टेबलावर एकशे ऐंशी बिल्ले पडले होते. मशीनचं काम झालं होतं, हाताचं उरलं होतं. एका अक्षरावरून दुसऱ्यावर जाताना भरतकामाचं मशीन मध्ये धाग्याची लांब उडी टाकतं. ती उडी बारीक कात्रीनं कापायची, मागचं बक्रम, म्हणजे कडक अस्तर, सोडवायचं, कड तपासायची आणि पंचवीस-पंचवीसचा गठ्ठा करून रबर लावायचं. या कामात हात गुंतलेले असतात आणि डोकं रिकामं राहतं, म्हणून मी ते शक्यतो मदतीच्या बाईंना देते. त्या दिवशी त्या लग्नाला गेल्या होत्या.

बिल्ला शर्टाच्या खिशावर लावायचा, अडीच इंची, गोल. वर शाळेचं नाव, मध्ये दिवा, खाली 'हिंगोली'. नावात 'शाळा' हा शब्द आहे आणि त्यातला ळ पेंटरचा आहे. तसं पाहिलं तर बिल्ल्यावरची सगळीच अक्षरं पेंटरची. पण ळ ची गोष्ट वेगळी आहे.

त्या दुपारी दुकानात एक बाई आल्या. त्या कशाला आल्या ते सांगायच्या आधी पेंटर कोण हे सांगायला पाहिजे.

मी हा गाळा भाड्यानं घेतला तेव्हा पेंटर त्यात आधीपासून होते. मालकानं किल्ली हातात दिली आणि म्हणाला, "पेंटर दोन दिवस बसतील, सामान हलवंपर्यंत." ते दोन दिवस सात वर्षं चालले. सामान म्हणजे ब्रशांचा एक डबा, दोऱ्याचं रीळ, खडू, आणि वीस लिटरचा रंगाचा एक रिकामा डबा. तो उलटा घालून ते दाराशी बसत. पूर्वी गाळा त्यांच्याकडे होता. दुकानांच्या पाट्या, गावांच्या पाट्या, बियाणांच्या जाहिरातींच्या भिंती, ट्रकच्या मागचे मजकूर, सगळं ते रंगवायचे. मग फ्लेक्स आला आणि दोन वर्षांत त्यांच्याकडे नुसत्या मोटारसायकलच्या नंबरप्लेटा उरल्या. मग त्याही गेल्या. त्यांनी गाळा सोडला, पण डब्यावरून उठायचं राहून गेलं.

मी पहिल्या दिवशीच स्पष्ट सांगितलं, "पेंटर, इथे मशीन येणार आहे. धूळ चालत नाही, रंग चालत नाही, बिडी चालत नाही."

"मी चालतो का?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं बसा. ग्राहकांना गाळा सापडत नव्हता; 'पेंटर बसतात तिथं' असं सांगितलं की सापडायचा.

मशीन सुरतेहून आलं. एका डोक्याचं, बारा सुयांचं. पेंटर त्याच्याशी हिंदीत बोलायचे. सकाळी आले की "क्या हाल है, बेगम?" आणि संध्याकाळी निघताना "अच्छा, चलते हैं." मी विचारलं, मराठीत का नाही बोलत. म्हणाले, "बाहेरून आलेली हाय ती. तिला मराठी येत असतं तर ळ आला असता की."

हे खरं होतं. संगणकात मराठी अक्षरांचा जो संच मिळाला होता त्यातला ळ म्हणजे दोन शून्यं एकमेकांना चिकटवलेली. बाकी अक्षरं धकून जायची, ळ मात्र भलतीकडून आणून बसवल्यासारखा दिसायचा. पेंटर त्याला चष्मा म्हणायचे. "ह्या गावाचं नाव चष्म्याशिवाय वाचता येईना," असं कळमनुरीच्या एका ऑर्डरीवर म्हणाले होते. आणि आमच्या भागात ळ टाळून धंदा करता येत नाही. कळमनुरीत ळ, जवळ्यात ळ, हळदीत ळ, शाळेत ळ, मित्रमंडळात ळ. मी करते त्या वस्तूतही ळ. मी म्हणायचे पॅच, गिऱ्हाइकं म्हणायची बिल्ला, पेंटर म्हणायचे ठिगळ.

"आमच्या वक्ताला लोकं ठिगळ झाकून फिरायची," ते आल्यागेल्याला सांगायचे. "आता नव्या शर्टावर लावून घेऊन राहिले. ही बाई ठिगळं इकते."

गिऱ्हाइकं हसायची. मला राग यायचा. दुकानाचं नाव मी चांगलं इंग्रजी ठेवलं होतं, पण अर्ध्या हिंगोलीला ते ठिगळांचं दुकान म्हणूनच माहीत आहे.

त्यांची तपासायची पद्धत अशी होती. नमुना मशीनवरून निघाला की तो हातात घ्यायचा, रस्ता ओलांडायचा, समोरच्या चहाच्या टपरीपाशी उभं राहायचं, नमुना टपरीवाल्याच्या हातात द्यायचा आणि स्वतः परत माझ्या दाराशी येऊन एक डोळा मिटून बघायचं. टपरीवाला बिचारा एका हातात गाळणी आणि दुसऱ्या हातात अडीच इंचाचा बिल्ला धरून उभा. मधून ट्रॅक्टर जात असायचे.

"अहो, खिशावरचा बिल्ला रस्त्यापलीकडून कोण वाचणार आहे?"

"वाचनार न्हाई कुनी. पन दिसला पायजे." मग दुसरा डोळा मिटून बघायचे. "द आखडला हाय. त्याला मोकळा करा."

मी चिडून द मोकळा करायचे. गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी नमुना बघून म्हणायचं, हां, हे झकास. काय झकास ते त्याला सांगता यायचं नाही. मला तेव्हा यायचं, पण मी पेंटरला सांगायचे नाही.

एकदा बसस्टँडसमोर कोणाच्या तरी वाढदिवसाचा भला मोठा फ्लेक्स लागला. त्यावर 'मित्रमंडल' छापून आलं होतं. पेंटर त्याच्याखाली उभे राहिले ते हलेचनात. पोरं जमली. फोटोत होती तीच पोरं, गळ्यात सोनेरी चेन घातलेली.

"काका, काय तकलीफ हाय?"

"मला न्हाई तकलीफ. तुमच्या मंडळाला हाय. ळ गळला."

"अहो, हिंदी मुलखातनं छापून आनलं. तिकडं असंच असतंय."

"मग वाढदिवस बी तिकडंच करायचा."

पोरं आधी गुरकावली, मग हसली, मग एकानं शिडी आणली. पेंटरनी ऑइलपेंटनं फ्लेक्सवर ळ काढला, बोट ओढावं तसा, एका दमात. दुपारी उन्हानं रंग ओघळला आणि ळ ची शेपटी खालच्या नेत्याच्या कपाळावर आली. पोरांनी तो फ्लेक्स उतरवला नाही. आठवडाभर लोक मुद्दाम थांबून बघत होते. पेंटर तिकडून जाताना मान खाली घालून जायचे. म्हणायचे, "घाई केली. फ्लेक्सवर दोन हात मारायला पायजे होते."

माझ्या कामात ते कसे शिरले ते सांगते. आलेल्या चित्रावरून टाके ठरवून मशीनला कळेल अशी फाइल करायची, याला आमच्या धंद्यात पंचिंग म्हणतात. मी ते नांदेडला शिकून आले होते. चांगलं करायचे. फक्त अक्षरं माझी जाड-बारीक व्हायची आणि डोक्यावरची रेघ तुटायची. मशीन प्रत्येक अक्षर त्याच्या-त्याच्या रेघेच्या तुकड्यासकट विणायचं, आणि दोन तुकडे जिथे भेटतील तिथे गाठ यायची. पेंटरनी गाठीवरून बोट फिरवलं. "रेघ काहून तोडता? आधी समदी अक्षरं घ्या. रेघ शेवटी, एका दमात. कपडे दांडीवर वाळत घालतात का दांडीचे तुकडे कपड्याला शिवतात?"

मी तसं केलं. गाठी गेल्या. आजही माझ्याकडे रेघ शेवटीच होते. आजूबाजूच्या जिल्ह्यांतून माझ्याकडे काम येतं ते या एका कारणानं, हे मला माहीत आहे. हे मी पेंटरला कधी म्हटलं नाही.

मग मी त्यांना आलेखाची वही आणून दिली आणि सगळी अक्षरं काढून मागितली. त्यांनी एका उन्हाळ्यात काढली. पानाला एक अक्षर, चौकटी मोजून. मी ती एकेक करून संगणकात घातली. ळ च्या पानावर मात्र अक्षर नव्हतं. पेन्सिलीनं एकच शब्द लिहिलेला होता. 'विचारावं.'

"हे काय?"

"ळ चं असं काढून ठेवता येत न्हाई. त्याचा शेजार बघावा लागतो."

त्यांनी खडूनं फरशीवर काढून दाखवलं. 'शाळा' मध्ये ळ दोन खांबांच्या मध्ये उभा आहे, तो ऐसपैस पसरला तरी चालतो. 'कळमनुरी' मध्ये डावीकडे, याच्याकडे पोट काढलेला क बसला आहे, तिथे यानंही पोट काढलं तर दोघं एकमेकांवर आदळतात, म्हणून तिथे त्याला उभट करायचा. 'हळद' मध्ये दोन्हीकडचे शेजारी खाली लोंबतात, तिथे ळ नं वर राहायचं. "बाकी अक्षरं आपापल्या घरात राहतात," म्हणाले. "ळ समद्यांचं बघून राहतो. म्हनून इचारावं."

मी बरं म्हटलं. मनात म्हटलं, म्हातारा हुशार आहे. सगळी अक्षरं देऊन टाकली तर उद्या याला कोण विचारणार? म्हणून एक ठेवलं हातात. आणि मी त्याचं फार मनावर घेतलं नाही. कोणी हातचं एक राखून ठेवलं तर मला त्यात चूक वाटत नाही, मीही ठेवते. ळ चा शब्द आला की मी हाक मारायची, ते डब्यावरून उठायचे, चौकटीच्या कागदावर त्या शब्दापुरता ळ काढून द्यायचे. असं चार-पाच वर्षं चाललं.

मग त्यांच्या डोळ्याला मोतीबिंदू झाला. ऑपरेशन नांदेडला झालं आणि ते पंधरा दिवस वारंगा फाट्याला लेकीकडे राहिले. नेमकी तेव्हाच हळदीच्या एका व्यापाऱ्याची ऑर्डर आली, हमालांच्या टोप्यांसाठी. टोपीवर 'हळद' असा शब्द आणि खाली आडत दुकानाची खूण. चार दिवसांत पाहिजे होतं. मी 'शाळा'च्या फाइलीतला ळ उचलला, थोडा दाबला आणि ह आणि द च्या मध्ये ठेवला. दोन मिनिटांचं काम. मशीननं मुकाट विणलं.

पेंटर परत आले तेव्हा काळा चष्मा होता. अर्ध्या टोप्या गेल्या होत्या, उरलेल्या न्यायला तीन-चार हमाल आले होते आणि दारात चहा पीत बसले होते. पेंटरनी "क्या हाल है, बेगम" म्हटलं, डब्यावर बसले, टोपी उचलली. रस्ता ओलांडला. एवढ्या दिवसांनी आले म्हणून टपरीवाला खूश होऊन टोपी डोक्यावर घालूनच उभा राहिला. पेंटर दाराशी आले, चष्मा वर केला, बघितलं.

"हा ळ कुठून आनला?"

"शाळेच्या फाइलीतून."

"शाळेतला ळ हळदीत काहून घातला?"

"तुम्ही नव्हता."

"फोन करायचा."

"डोळ्याला पट्टी बांधलेल्या माणसाला ळ काढायला फोन करू?"

"काढला नसता. सांगितला असता."

बोलणं इथे थांबलं असतं. पण त्यांनी गठ्ठ्यातली दुसरी टोपी उचलून हमालांपुढे धरली आणि म्हणाले, "बघा हो, ह्यो पाय पसरून बसला. द ला बसायला जागा न्हाई." हमाल बघायला लागले. उरलेलं काम त्याच दिवशी द्यायचं होतं. मी त्या तीन-चार जणांसमोर म्हणाले, "पेंटर, एका ळ साठी दुकान बंद ठेवू का? आता सगळ्याची फाइल आहे. तुमच्यावाचून माझं काही अडत नाही."

एक हमाल हसला. "घ्या पेंटर. बाईनं रिटायर केलं तुमाला."

"बराबर हाय," पेंटर म्हणाले. टोपी घडी घालून टेबलावर ठेवली. थोडा वेळ बसले. रोजच्यासारखे पाचला उठले आणि गेले. त्या दिवशी ते मशीनला काही म्हणाले नाहीत. मला ते लगेच कळलं होतं. मी धागा ओवत होते, ओवत राहिले.

दुसऱ्या दिवशी आले नाहीत. आठवड्यानं टपरीवाल्यानं सांगितलं, "पेंटर लेकीकडं राह्यला गेले, फाट्याला. तुमाला सांगून न्हाई गेले का?" मी म्हटलं, "सांगितलं होतं." का खोटं बोलले ते माहीत नाही. डबा दाराशी तसाच होता. त्यावर मी बक्रमचे रोल ठेवायला लागले. जागेला सोयीचा होता.

नंतर ळ मी स्वतःच बसवू लागले. एका फाइलीतून दुसऱ्या फाइलीत. कोणाची तक्रार आली नाही. झकास असंही कोणी म्हणालं नाही.

महिन्यातून एकदा मी धागा आणायला नांदेडला जायचे. बस वारंगा फाट्यावर दहा मिनिटं थांबते. लोक उतरतात, चहा पितात, परत चढतात. मी खिडकीशी असायचे. त्यांची लेक आणि जावई तिथेच कुठेतरी हॉटेल चालवतात एवढं ऐकून होते. उतरून विचारलं असतं तर कोणीही दाखवलं असतं. मी दर वेळी ठरवायचे की येताना उतरू, आणि येताना म्हणायचे की हातात सामान आहे.

एकदा ते दिसले. हॉटेलच्या पुढच्या बाकावर, काळा चष्मा कपाळावर ढकललेला, एक डोळा मिटून माझ्याच बसकडे बघत. बसच्या कपाळावरची पाटी वाचत असतील असं मी स्वतःला सांगितलं. मग त्यांची नजर पाटीवरून खाली, खिडक्यांवर आली. मी खाली वाकले आणि मांडीवरच्या पिशवीत काहीतरी शोधायला लागले. पिशवीत पाण्याची बाटली आणि पाकीट होतं. बस हलेपर्यंत मी त्या दोन वस्तूंमध्ये शोधत होते.

त्यानंतर धागा पार्सलनं मागवायला लागले. सोयीचं पडतं असं घरी सांगितलं.

आता १२ जूनची दुपार. आलेल्या बाई माझ्याच वयाच्या असतील. प्रवासानं घामेजलेल्या, हातात कापडी पिशव्यांचा गठ्ठा. दाराशी थांबून त्यांनी डब्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"भरतकामवाल्या ताई तुमीच का? ठिगळांचं दुकान?"

"मीच. बसा. काय पाहिजे?"

"पुढच्या महिन्यात वडलाचं वर्षश्राद्ध हाय. पाव्हन्यांना पिशव्या वाटायच्यात. पिशवीवर लावायला नाव पायजे त्यांचं. लहानच, पन बारीक न्हाई. दिसलं पायजे."

शेवटचं वाक्य ऐकून मी मान वर केली, पण तरी मला कळलं नाही. मी कागद पुढे केला. "नाव लिहून द्या. पूर्ण."

त्यांनी लिहिलं. नाव, वडिलांचं नाव, आडनाव. ते इथे मी लिहीत नाही. मला ते अनोळखी होतं. कागद परत देताना त्या म्हणाल्या, "नावानं कुनी वळखत न्हवतं म्हना. समदे पेंटरच म्हनायचे."

मी बिल्ला साफ करत होते. कात्री उडीच्या धाग्याऐवजी टाक्यात गेली. तो बिल्ला वाया गेला.

सात वर्षं ते माझ्या दाराशी बसले होते आणि त्यांचं आडनाव मी विचारलं नव्हतं. गेल्याचंही मला अकरा महिन्यांनी, असं ऑर्डर घेताना कळलं. मी कधी, कसे, असं काही विचारलं. झोपेत गेले, त्या म्हणाल्या. दुखणं काही नव्हतं.

"तुमी आमच्या फाट्यावरून जायच्या ना? पहिल्या पहिल्यांदा?"

"जायचे."

"आबा गाडीच्या टायमाला बाहेर येऊन बसायचे. रोज न्हाई, महिन्याच्या सुरवातीला. म्हनायचे, बाई धागा आनाया जात असंल. एकदा दिसल्या बी तुमी त्यांना."

मी वाया गेलेला बिल्ला गठ्ठ्यातून बाजूला काढला.

"मी म्हनलं, आबा, मग आवाज द्यायचा की. तर म्हनले, न्हाई गं, बाई कामात होत्या. पिशवीत काय तरी शोधून राहिल्या होत्या."

त्या हे सहज सांगत होत्या. त्यांना बाकी काही माहीत नव्हतं. पेंटरनी घरी काही सांगितलं नव्हतं हे त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. मी कागदावरचं नाव पुन्हा वाचलं. आडनावात ळ होता. त्या ळ वर मात्रा होती.

"त्यांनी स्वतः लिहिलेलं त्यांचं नाव असेल का कुठे? दारावर, एखाद्या पेटीवर? त्यावरून उतरवून घेता येईल."

"न्हाई हो." त्या हसल्या. "साऱ्या जिल्ह्याच्या पाट्या रंगवल्या, पन आपल्या दारावर न्हाई. आई भांडायची. तर म्हनायचे, मला काय माझं घर सापडंना का?"

पिशव्या ठेवून त्या दोनच्या बसला गेल्या. जाताना डब्याला हात लावून म्हणाल्या, "हा आबाचा ना? राहू द्या, तुमच्या कामाचा हाय."

शाळेचे बिल्ले मी तिथेच सोडले. कपाटातून वही काढली. पेंटरच्या नावातली बाकीची सगळी अक्षरं त्यात होती, चौकटी मोजलेली, त्यांच्या हातची. ळ च्या पानावर 'विचारावं' होतं. पेन्सिल पुसट झाली होती, शब्द वाचता येत होता. इतकी वर्षं मला वाटत होतं की हा शब्द त्यांनी स्वतःसाठी राखून ठेवला होता. असेलही. पण त्यांनी 'मला' लिहिलं नव्हतं. नुसतं विचारावं. शेजारच्या अक्षरांना विचारावं असंही असेल. ऑपरेशन करून आलेल्या माणसाला, डोळा कसा आहे, हेही असेल. आता ते ठरवता येत नाही आणि ठरवून उपयोगही नाही.

मी त्याच पानावर, त्या शब्दाच्या खाली, ळ काढायला सुरुवात केली. डोक्यावर मात्रा असलेला ळ त्यांनी माझ्यासमोर कधी काढला नव्हता. मात्रा आली की डोकं जड होतं आणि खालची वाटोळी पडल्यासारखी दिसतात. ती मोठी केली तर अक्षर फुगतं. मी वीस-पंचवीस काढले, खोडले. संध्याकाळपर्यंत एक बरा वाटला. त्याचं पंचिंग केलं. आधी सगळी अक्षरं, रेघ शेवटी. नमुना विणून घेतला आणि शटर ओढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीपेक्षा अर्धा तास आधी दुकान उघडलं. बक्रमचे रोल डब्यावरून काढून फळीवर ठेवले. नमुना घेतला, रस्ता ओलांडला आणि टपरीवाल्याच्या हातात दिला. त्यानं गाळणी खाली ठेवली, हात धोतराला पुसले आणि नमुना छातीशी धरून उभा राहिला. मी परत माझ्या दाराशी आले. उजवा डोळा मिटून बघितलं, मग डावा.

"दिसतो का ताई?" तो पलीकडून ओरडला.

नाव दिसत होतं. ळ दिसत नव्हता. तिथे नुसता एक गोळा होता, मात्रेखाली दबलेला. मी पलीकडे जाऊन नमुना परत आणला. डब्यावर बसले, बिल्ला उलटा केला आणि मागच्या बाजूनं, शेजारच्या अक्षरांना धक्का न लावता, तेवढाच ळ उसवायला घेतला.